जिंकतोय तोवर हात लावू नका

मित्रांनो, मी एक जुना ग्लव्ह आहे. बेसबॉलच्या खेळात फेकणाऱ्याच्या समोर, फलंदाजाच्या पाठीशी उकिडवा बसतो तो कॅचर. त्याच्या डाव्या हातात माझं आयुष्य गेलं. आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. चेंडू झेलण्यासाठीच ज्याचा जन्म, त्याने चेंडूला भ्यावं याचं तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल. पण माझ्या जागी एक दुपार बसून बघा, मग बोलू.

मी मूळचा एका तांबूस गाईच्या पाठीचं कातडं. कारखान्यात मला कापलं, आत लोकर भरली आणि भोकाभोकांतून चामड्याची वादी ओवून माझी बोटं, जाळी आणि अंगठा एकमेकांना बांधले. वादी ओवणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "कातडं काही मरत नाही गं. मरते ती वादी. तेल मिळालं नाही की संपलंच." तेव्हा मी नवा होतो, वादीही नवी होती. मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मला विकत घेतलं एमिल ह्राबाकने. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत मॉर्गन्स गॅप नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव आहे, तिथला हा सुतार. खाणीत टेकूंची लाकडं बसवायचा, उन्हाळ्यात गावाच्या टीमचा कॅचर व्हायचा आणि लग्नसराईत व्हायोलिन वाजवायचा. त्या गावात पाद्री नसता तर लग्न एखाद वेळी लागलं असतं, एमिल नसता तर नाही. त्याने मला घरी आणलं, माझ्या तळव्यात एक चेंडू बांधला आणि गादीखाली ठेवून वर झोपला. तळव्याला खळगा पडावा म्हणून तिकडे असंच करतात. दर रविवारी चर्चहून आला की तो गुरांच्या खुरांचं तेल घेऊन मला चोळत बसे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

टीमचं नाव लँटर्न्स, म्हणजे कंदील. युद्धाच्या आधी म्हणे लँटर्न्सचा सगळ्या खाणपट्ट्यात दरारा होता. गावातल्या दारूच्या गुत्त्यात त्या काळचा अजिंक्यपदाचा झेंडा टांगलेला होता, धुराने पिवळा पडलेला. म्हातारे त्याच्याखाली बसून जुने सामने पुन्हा पुन्हा खेळत. मी आलो तेव्हा मात्र टीम तळाला होती. आमच्याच गावचे लोक मैदानाच्या कठड्यावरून ओरडायचे, "अरे, कंदील विझले! कुणीतरी काडी लावा रे यांना!"

टीमचा कप्तान होता गस तमुलिस. हा स्वतः खेळत नसे, खेळाडूंना खेळवत असे, आणि त्याच्या आवाजाने घोडासुद्धा सरळ उभा राहायचा. त्याने चेंडू फेकायला एक पोरगेला पिचर आणला, ड्यूई प्रॉसर. ड्यूईच्या खांद्यात ताकद होती, पण त्याचा चेंडू कुठे जाईल ते त्याला ठाऊक नसे आणि देवालाही. तो हात मागे नेई आणि माझी लोकर आत गोळा होई. वेगाने मोठा होत जाणारा तो पांढरा ठिपका मी हजारो वेळा पाहिला, पण एकदाही सवय झाली नाही.

एक गोष्ट मात्र फक्त मला माहीत होती. एमिलही घाबरायचा. मास्कच्या आड त्याचा चेहरा कोणाला दिसत नसे, पण ड्यूईने हात मागे नेला की त्याच्या तळव्याला घाम सुटायचा. तो घाम पहिल्यांदा माझ्या अस्तराला लागायचा. आम्ही दोघं भित्रे एकमेकांना धरून बसायचो आणि लोक म्हणायचे, एमिल म्हणजे पहाड आहे पहाड.

तीन उन्हाळे आम्ही मार खाल्ला. पण गस हटला नाही. खाणीच्या राखेच्या ढिगाऱ्यांवर तो पोरांना चढउतार पळवायचा. खाणीतल्या पाळ्या कमी झाल्या, घरात चणचण आली, पण सरावाला वेळ मिळाला. एमिल ड्यूईला रोज संध्याकाळी माझ्यावर नेम धरायला लावायचा. हळूहळू ड्यूईचा चेंडू मी मागेन तिथे येऊ लागला. टीम सुधारली ती अशी, घाम गाळून. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण श्रेय पुढे भलत्यालाच मिळालं.

चौथ्या वर्षी जूनमध्ये गावात लग्नांची रांग लागली. रविवारी एमिल व्हायोलिन घेऊन बाहेर, त्यामुळे मला तेल नाही. नेमके त्याच आठवड्यांत आम्ही एकामागून एक सामने जिंकले. गसने मला उचलून वास घेतला.

"याला तेल कधी लावलंस?"

"राहिलं कप्तान. लग्नं आहेत ना. आज लावतो."

"खबरदार!" गस ओरडला. "जसा आहे तसा राहू दे. जिंकतोय तोवर हात लावायचा नाही."

मित्रांनो, हे लोक तसे शहाणे. छत कुरकुरलं तर कोळसा सोडून बाहेर येतात. पण बेसबॉल म्हटलं की त्यांची अक्कल घरी राहते. जिंकत असताना काहीही बदलायचं नाही, हा त्यांचा धर्म. गसने मोजे धुणं सोडलं. बस फिरून लांबच्या रस्त्याने जाऊ लागली, कारण पहिल्या विजयाच्या दिवशी ड्रायव्हर चुकला होता. आणि माझं तेल बंद झालं ते कायमचं.

एमिलची बायको लुद्मिला एकदा तेलाची बाटली घेऊन माझ्याजवळ आली, तर एमिल केवढ्याने दचकला.

"अगं, हात नको लावूस त्याला! जिंकतोय आम्ही."

"आणि हरायला लागलात की?"

"मग लावीन की तेल."

"म्हणजे त्या बिचाऱ्याने तुम्ही हरावं म्हणून देवाला साकडं घालायचं," ती म्हणाली. "तुझा हात असतो ना रे त्याच्यात? उद्या व्हायोलिन काय पायाने धरणार आहेस?"

ती अगदी माझ्या मनातलं बोलली. खरं सांगतो, त्यानंतर मी प्रत्येक सामन्यात आम्ही हरावं अशीच प्रार्थना करत होतो. पण ग्लव्हचं देव ऐकत नाही. त्या वर्षी आम्ही दुसरे आलो आणि पुढच्या वर्षी पहिले. गुत्त्यात जुन्या झेंड्याशेजारी नवा झेंडा लागला, मग आणखी एक, मग आणखी. बाहेरगावच्या टीमा आमच्या मैदानात उतरताना गप्प असायच्या. म्हाताऱ्यांनी जुने सामने खेळणं बंद केलं.

हिवाळ्यात तरी एमिलने मला नीट केलं असतं. पण गसने मला त्याच्याकडे राहूच दिलं नाही. अजिंक्यपद मिळालं की मी थेट गुत्त्यात, शेगडीच्या वरच्या खिळ्यावर. येणारा जाणारा नशीब लागावं म्हणून मला चोळायचा. सॉसेज खाऊन बरबटलेल्या त्या बोटांचं जे काय लागेल तेवढंच माझं तेल. शेगडीच्या धगीने मी वाळत गेलो. अंगठा आणि जाळी बांधणारी वादी आधी कडक झाली, मग तिला चिरा पडल्या. प्रत्येक चेंडूबरोबर तिचा एकेक पदर तुटताना मला कळत होता. ती गेली तर चेंडू अंगठ्यावर जाणार, आणि अंगठा एमिलचा आहे, एवढंच माझ्या डोक्यात रात्रंदिवस असे.

आता मिलो बार्टनिकबद्दल सांगतो. हा शेजारच्या ऑल्डर रिजच्या टीमचा कॅचर. देहाने दांडगा आणि तोंडाने त्याहून. फलंदाजीला आला की बॅट खांद्यावर ठेवून एमिलचं लक्ष उडवायला थापा मारायचा. "एमिल, तुझ्या बुटाची नाडी सुटली बघ." "एमिल, तुझ्या सासूबाई आल्यात, फाटकाशी उभ्या आहेत." "एमिल, तुझ्या पँटीला आग लागली रे!" सासूबाई आल्यात म्हटल्यावर एमिलने एकदा खरंच मान वळवली होती आणि चेंडू निसटला होता. तेव्हापासून त्याने मिलोकडे कान बंद केले.

दहाव्या वर्षीचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता, ऑल्डर रिजविरुद्ध. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, त्यांचा माणूस धाव पुरी करायला टपलेला. मिलो फलंदाजीला आला. दोनदा त्याने बॅट फिरवली, दोनदा चुकला. आणखी एकदा चुकला आणि मी चेंडू धरून ठेवला, तर अजिंक्यपद आमचं. माझ्या हातून सुटला, तर बरोबरी. कठड्यावर सगळं गाव उभं होतं.

मिलोने खाली पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम बदलला.

"एमिल, अंगठ्याजवळची वादी बघ. एका पदरावर आहे."

"खेळ तू," एमिल म्हणाला. "सासूबाई कुठे आहेत आज?"

"अरे लेका, मस्करी नाही करत! आईशप्पथ!" मिलोने हात वर करून अंपायरला थांबवलं. "साहेब, याचा ग्लव्ह बघा."

अंपायर वाकला आणि त्याने शीळ घातली. "दुसरा घे बाबा. हा फुटणार."

तेव्हा एमिलने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी नीट पाहिलं. सुतार माणूस तो, तुटायला आलेली वस्तू त्याला कळते. त्याचा तळवा घामाने थबथबला. मग त्याने हात बाहेर ओढायला सुरुवात केली. बोटं सुटली, माझ्या आत वारा आला. मला वाटलं, सुटलो! दोघंही सुटलो!

"एमिल!" बाकावरून गस उठला होता. "तो ग्लव्ह उतरवू नकोस! त्याच्या थापेला भुलतोस? दहा वर्षं वाया घालवशील!"

ड्यूई पुढे आला. तोही घाबरला होता. "एमिल, मला दुसऱ्या ग्लव्हवर नेम धरता येणार नाही रे. प्लीज."

कठड्यावरून सगळं गाव एका सुरात ओरडायला लागलं, "ग्लव्ह! ग्लव्ह! ग्लव्ह!" लुद्मिला तेवढी ओरडत नव्हती. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

एमिल त्यांच्यातलाच होता, मित्रांनो. त्याचाही त्या धर्मावर विश्वास होता. बोटं परत आत आली आणि माझ्यातला वारा गेला.

ड्यूईने हात मागे नेला. इतका वेगवान चेंडू त्याने आयुष्यात टाकला नसेल. मिलोची बॅट हवेत फिरली आणि पांढरा ठिपका माझ्या जाळीत शिरला. वादी तुटली. माझा अंगठा मागे उलटला आणि त्याच्यासोबत एमिलचा. आतलं हाड मोडल्याचा आवाज फक्त मी ऐकला, कारण बाहेर एवढा गलका होता. चेंडू उसळला. एमिलने तो उजव्या हाताने छातीशी दाबून धरला, जमिनीला लागू दिला नाही.

आम्ही जिंकलो. लोक कठडा मोडून आत आले. कुणी ड्यूईला उचललं, कुणी गसला. एमिल गुडघ्यांवर बसून होता आणि त्याच्याजवळ एकच माणूस थांबला होता, हरलेला मिलो. त्याने मला अलगद, एकेक बोट सोडवत काढलं.

"सांगत होतो ना रे बाबा," तो रडवेला होऊन म्हणाला.

"ऐकायला हवं होतं," एमिल म्हणाला आणि ओकला.

संध्याकाळी गुत्त्यात नाच होता. "एमिल, वाजव!" म्हणून लोक ओरडले, आणि मग बांधलेला हात पाहून दुसरीकडे बघू लागले. मला मात्र त्यांनी डोक्यावर घेऊन नाचवलं. तुटलो तरी चेंडू सोडला नाही, असा ग्लव्ह जगात नाही म्हणाले. चेंडू मी सोडला होता. धरला होता एमिलच्या उजव्या हाताने. पण माझं कोण ऐकतो?

त्याचा अंगठा वाकडाच जुळला. व्हायोलिनची मान त्याला आता धरता येत नाही, लग्नांना बाहेरून वाजवणारे बोलावतात. मी गुत्त्यात काचेच्या पेटीत आहे, तुटक्या वादीसकट. वसंतात एमिल चामडं टोचायची आरी, नवी वादी आणि तेल घेऊन आला होता.

"एवढं ओवून देतो, कप्तान. उघडा पेटी."

"मोसम तोंडावर आलाय रे. नंतर बघू."

"आता तो खेळतही नाही."

"म्हणून तर म्हणतो," गस म्हणाला, "कशाला हात लावायचा?"

एमिलच्या जागी आता लॉइड नावाचा नवा कॅचर आहे. गुणी पोरगा, हसरा. या वर्षीही लँटर्न्स जिंकतायत. परवा तो सामन्यानंतर माझ्या काचेला टेकून उभा होता आणि त्याचा ग्लव्ह काखेत होता. मी पाहिलं, मित्रांनो. अंगठ्याजवळची वादी पांढरी पडली आहे, चिरा गेल्या आहेत. एमिलनेही पाहिलं.

"लॉइड, वादी बदल रे. आजच बदल."

"आत्ता? सलग जिंकतोय आम्ही, एमिल!"

एमिलने आपला डावा हात पुढे केला आणि वाकडा अंगठा लॉइडच्या डोळ्यांसमोर धरला. लॉइडने तो हात आदराने आपल्या हातात घेतला आणि नशीब लागावं म्हणून त्या अंगठ्यावरून दोनदा बोट फिरवलं.

काचेआडून मला ओरडता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ज्या वस्तूच्या जिवावर तुमचं चाललंय, तिला नुसतं शुभ म्हणू नका. तिला उलटून पालटून बघा, तेल द्या, झिजलेलं बदला, आणि सगळं छान चाललेलं असेल तेव्हाच बदला. आणि कधी मॉर्गन्स गॅपला गेलात तर आधी लॉइडला गाठा. शनिवारी पुन्हा सामना आहे, आणि तो त्याच ग्लव्हने खेळणार आहे.