जमिनीला कान लावणारा माणूस

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, सैन्यात सुरुंग शोधणाऱ्या तुकडीत होते. बाकीची फौज पुढे सरकण्याआधी रस्ता तपासायचा, हे त्यांचं काम. पोटावर पालथं पडायचं आणि लोखंडी गजाने जमीन हलकेच टोचत वीतवीत पुढे जायचं. नऊ वर्षांत किती सुरुंग काढले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एक राहून गेला, त्याने त्यांचे दोन्ही डोळे नेले.

ताईची कपड्यांच्या कारखान्यात दिवसपाळी होती आणि माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी भावजींना कचेऱ्यांमध्ये नेण्याचं काम माझ्याकडे आलं. पेन्शन अडलं होतं ते एका शब्दावर. त्यांच्या कागदावर ‘कामावर असताना अपघात’ असं लिहिलं होतं. खिडकीतला कारकून म्हणाला, “युद्धात झालेली जखम असं कुठेच नाही इथे. अपघाताचं पेन्शन वेगळं.”

“बरोबर आहे,” भावजी शांतपणे म्हणाले. “तो सुरुंग तिथे कोणीतरी हौसेनेच पुरला असणार.”

कारकुनाला हसू आवरेना. त्यानेच आतून योग्य अर्ज आणून दिला, आणि तुकडीच्या प्रमुखाची सही कुठे हवी तेही समजावलं. तरी पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने लागले. दर खेपेला भावजी मला म्हणायचे, “मेहुणीबाई, तुमच्या चपला माझ्या पायी झिजल्या. एक जोड देणं लागतो.”

पेन्शन लागलं, घर सावरलं, पण भावजी बसूनच राहिले. ताईच्या डब्यातली बटणं आकाराप्रमाणे लावून ठेवायचे आणि ताईला हवं ते बटण मग तिला सापडायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या डाव्या बुटाची टाच झिजलीय, हे त्यांना खाली बसून कळायचं. ताई म्हणायची, “अहो, जरा बाहेर फिरून या.” ते हो म्हणायचे आणि तिथेच बसायचे. मला कारण माहीत होतं. फरशीवर, डांबरावर ते माझा दंड धरून ताडताड चालायचे, पण पायाखाली माती लागली की थांबायचे. हात गार पडायचा. मी त्यांना पुन्हा फरशीवर आणायचे.

माजी सैनिकांना काम मिळवून देणारी एक कचेरी होती. तिथल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक, पण एकदा फाइल हातात घेतली की सोडायच्या नाहीत. त्यांनी भावजींना आधी खुर्च्या विणायला पाठवलं. तिथे ते कंटाळले. मग बसच्या आगारात फोनवर चौकशीला बसवलं. तिथून तिसऱ्या आठवड्यात परत आले, कारण एका बाईंना त्यांनी सांगितलं होतं, “तुम्ही चालत निघा, तुमची बस आज येईल असं मला वाटत नाही.”

“खरं बोलून चालेल अशी जागा मला कुठे सापडेना बुवा,” अधिकारी बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. भावजी मान वळवून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“बाई, या भिंतीमागे नळ आहे का?”

“नाही. जुन्या फायली आहेत.”

“पाणी वाहतंय. बारीक आहे, पण सतत आहे.”

बाईंनी शिपायाला कपाट ओढायला लावलं. मागची भिंत कोरडी दिसत होती. भावजींनी तिला कान लावला, सरकत सरकत खाली गेले आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी गवंड्याने तिथेच फोडलं तर आत गंजलेला पाइप पाझरत होता. बाईंनी त्याच दुपारी शहराच्या पाणी खात्यात फोन लावला.

जमिनीखालची गळती शोधायला खात्यात कान लावणारी माणसं असतात, हे मला तेव्हा कळलं. लांब लोखंडी दांडा, त्याच्या वरच्या टोकाला वाटीसारखा भाग. दांडा जमिनीवर टेकवायचा, वाटीला कान लावायचा, पाणी निसटत असलं तर ऐकू येतं. यंत्रं आली होती, तरी अनुभवी कान कमी पडत होते.

खात्याचा इंजिनियर आंधळा माणूस रस्त्यावर उभा करायला तयार नव्हता. बाईंनी अपंग माजी सैनिकांना नोकरीत घेण्याच्या नियमाचं कलम वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला, “ठीक आहे, एकदा बघू.” त्याने आम्हाला एका गल्लीत बोलावलं. तिथे चार घरांचं पाणी महिनाभर कमी झालं होतं आणि तीन खड्डे खणूनही गळती मिळाली नव्हती. सोबत खात्यातला म्हातारा फिटर होता, पान्यांची पिशवी खांद्याला अडकवून.

रस्ता खणलेला, सगळीकडे माती. फिटरने भावजींच्या हातात दांडा दिला. त्यांनी तो खाली टेकवला आणि टोक मातीत रुतल्याबरोबर ते जागच्या जागी थिजले. तोच गज, तीच माती. मानेवरून घाम ओघळला. तरी कान लावला, आणि कसंबसं एक जागा दाखवली. मजुरांनी खणलं. खाली ठणठणीत कोरडं.

इंजिनियरने घड्याळ पाहिलं. मला वाटलं, आता घरी जायचं. पण म्हातारा फिटर भावजींच्या जवळ गेला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “साहेब, माझा थोरला भाऊही सैन्यात होता. मला कळतंय. या गल्लीतला पाइप मी स्वतः टाकलाय. इथे खाली पाणी आहे, बाकी काही नाही.”

भावजींनी मोठा श्वास सोडला. “साहेब नका म्हणू,” ते म्हणाले. “शेजारच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद कराल का? दोन आवाज एकमेकांत मिसळतायत.”

फिटरने जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. भावजी पुन्हा निघाले, एकेक पाऊल, दर पावलाला दांडा, दर दांड्याला कान. गल्ली पार करायला त्यांना पाऊण तास लागला. मी बाजूने चालत होते, पण त्यांनी दंड धरला नाही. शेवटी एका पायरीच्या कडेला थांबून म्हणाले, “इथे. पण पाइप तुम्ही समजता त्यापेक्षा डावीकडे आहे.”

“डावीकडे कसा असेल, मीच टाकलाय,” फिटर म्हणाला.

पाइप डावीकडेच निघाला, आणि सांध्यातून पाणी फुटून मजुराच्या तोंडावर उडालं. फिटर स्वतःवरच इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

नोकरीचं पत्र आलं ते ताईने दोनदा वाचलं. “पगार सुरू झाला म्हणून पेन्शन बंद केलं तर?” ती मला विचारत राहिली. मी अधिकारी बाईंकडे गेले. जखमेचं पेन्शन हे डोळ्यांबद्दल आहे, नोकरीशी त्याचा संबंध नाही, असं त्यांनी शिक्क्यानिशी लिहून दिलं. ताईने तो कागद उशीखाली ठेवला आणि आठवडाभराने कपाटात.

याला आता सहा वर्षं झाली. फिटर निवृत्त झाला तरी सकाळी रस्त्यावर येतो आणि पाइप डावीकडे की उजवीकडे यावर भावजींशी वाद घालतो. भावजी खणलेल्या मातीवर सहज चालतात. झोपेत अजून कधी दचकतात, ताई म्हणते, पण उठून पाणी पितात आणि पुन्हा झोपतात.

गेल्या महिन्यात ताईने सुट्टी घेतली आणि पहिल्यांदा त्यांचं काम बघायला आली. सकाळची शांत वेळ होती. भावजींनी तिला दांड्याजवळ उभं केलं आणि तिचं डोकं धरून वाटीला कान लावून दिला.

“येतंय ऐकू?”

“हो,” ताई म्हणाली. “छान येतंय.”

“खोटं बोलतेस. ही जागा कोरडी आहे.”

ताई लाजली. मी तोंड फिरवून हसले. भावजींनी दांडा चार पावलं पुढे नेला, तिला पुन्हा जवळ घेतलं आणि तिच्या दुसऱ्या कानावर स्वतःचा तळवा ठेवला. ताई बराच वेळ वाकून उभी होती. मग तिचा चेहरा बदलला. “वाहतंय,” ती म्हणाली, आणि तिने भावजींचा हात घट्ट धरला.