ढगाचा कोट

"बाबा, कुणाला सांगून पटणार नाही, पण काल दुपारी तुमची खाट खिडकीतून बाहेर निघून गेली."

सफरचंद सोलता सोलता आईचा हात थांबला. "अगं, आजारी माणसाशी असलं काहीतरी बोलतात का?"

"आजारी माणूसच तर होता खाटेवर. मी या डोळ्यांनी पाहिलं."

लेक बिनधास्त बोलली. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बाबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. हात हलायला लागला, घास गिळता यायला लागला, वाचा मात्र कुठल्या खिशात दडून बसली होती कोण जाणे. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना सगळं समजतंय. बोलत राहा." म्हणून आई दिवसभर विचारायची, "पाणी हवं? दुखतंय का? मी कोण, सांगा बरं?" आणि ज्या शिंप्याने जन्मभर गिऱ्हाइकांना थापा मारत कोट शिवले, तो नुसता छताकडे बघत राहायचा. त्या नजरेतला कंटाळा फक्त लेकीने ओळखला. थापाड्याला खरंखरं ऐकवून सगळ्यांनी त्याचा जीव नकोसा केला होता!

"तर खाट निघाली. हळूहळू, दोर सुटलेल्या होडीसारखी. खाली रस्ता, दिव्यांचे खांब, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी. चादरींनी हात हलवून निरोप दिला. दुकानावरून गेलात तेव्हा काचेतल्या पुतळ्यांनी माना वर केल्या. म्हणजे, ज्यांना माना आहेत त्यांनी."

छताकडची नजर जराशी खाली आली.

"वर एक ढग भेटला. म्हणाला, मास्तर, गारठलोय, एक कोट शिवा. तुम्ही टेप काढली. छातीचं माप घ्यावं तर ती फुगलेली. पुन्हा घ्यावं तर सगळं पोटात उतरलेलं."

"श्वास रोखून धर म्हणावं मेल्याला," आई बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

"रोखला ना! म्हणून तर काल पान हललं नाही कुठे."

पांघरुणाखाली बाबांचे खांदे गदगदले. आवाज नव्हता, पण हसूच ते. लेकीने आईकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर दोघी रडल्या असत्या आणि गोष्ट तिथेच उसवली असती.

"धुक्याचं अस्तर, विजेची सुई..."

पुढे काय? शिवणकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. बटण तुटलं की शर्ट बाबांच्या अंगावर फेकायचा, एवढाच तिचा सुईशी संबंध. पण थाप अडखळली की मेली, म्हणून तिने दामटलं.

"आणि कोट काय झाला म्हणता! उजव्या बाजूला काजं, डाव्या बाजूला बटणं. ढगाने अंगात घातला आणि..."

"खो..."

दोघी जागच्या जागी थिजल्या.

बाबांचे ओठ वाकडे झाले, थरथरले. "खोटं!"

"काय खोटं, बाबा?" लेक पुढे वाकली. "खाट उडाली ते?"

मान चिडून नाही म्हणाली. पांघरुणातून हात बाहेर आला आणि त्यांनी स्वतःच्या छातीच्या डाव्या बाजूवर बोट आपटलं.

"काजं... इथे! उजवीकडे... बायकांच्या." त्यांनी दम घेतला. "ढग... तो असतो. तो ढग!"