दोन छोटे हॉर्न

मित्रांनो, माझ्यावर तीन माणसं ऐसपैस बसू शकतात. हल्ली एकच बसतं, तेही कडेला. मी एक जुना लाकडी बाक आहे आणि लॉरेल पेडरच्या व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून उभा आहे.

जन्माने मी बाक नव्हे. मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमधली मी फळ्यांची जमीन होतो. लोकरीच्या तेलाने माझं अंग असं गुळगुळीत झालंय की आजवर मी कुणाच्या कपड्याचा धागा ओढलेला नाही. शेड मोडली तेव्हा लॉरेलच्या नवऱ्याने, क्लेमने, माझ्या फळ्या घरी आणल्या. लॉरेल नुकतीच गावाच्या कौन्सिलवर निवडून आली होती. रंधा मारता मारता क्लेम तिला म्हणाला, "आता लोक गाऱ्हाणी घेऊन येणार. उभ्याने भांडलं की आवाज चढतो. त्यांना बसवून घेत जा."

आणि लोक येत. कुणी रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी, कुणी शेजाऱ्याच्या कोंबड्यासाठी. लॉरेल चहा द्यायची, ऐकून घ्यायची, कधी "नाही जमणार" असं तोंडावर सांगायची. भांडून उठलेला माणूससुद्धा जाताना माझ्यावर हात फिरवी. "क्लेम, बाक मात्र झकास केलायस." मी फुलून जायचो.

क्लेम शाळेची बस चालवायचा. ओळखीच्या घरावरून जाताना दोन छोटे हॉर्न द्यायची त्याची सवय होती. त्याच्या बसमधली पोरं मोठी होऊन स्वतःच्या गाड्या चालवू लागली आणि आमच्या दारावरून जाताना तसाच हॉर्न देऊ लागली. क्लेम माझ्यावर बसून हात वर करी.

पुढे क्लेमला विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग आपण बस चालवायची सोडली हेही. दिवसभर तो माझ्यावर बसून राही. त्याच उन्हाळ्यात कौन्सिलने गावचा पोहण्याचा तलाव बंद केला. तळाला तडे गेले होते आणि लॉरेलने बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. बरोबर की चूक, मला लाकडाला काय कळणार? लोक चिडले याचंही मला नवल नाही, आमच्याकडच्या उन्हात पोरांना दुसरा आसरा नव्हता. पण सभेत भांडायचं सोडून बेकरीवाल्या बाईने, जोडी तिचं नाव, दुकानाच्या दारावर कागद चिकटवला: 'लॉरेलच्या घरावरून जाताना हॉर्न दाबून धरा.'

गाड्या कर्कश ओरडत जाऊ लागल्या. खिडकीच्या काचा थरथरत. आणि क्लेम प्रत्येक हॉर्नला हात वर करी.

"लॉरेल, ऐकलंस? आज सगळेच निघालेत," तो हरखून म्हणे. "पण हॉर्न केवढा लांब देतात गं. बटण अडकलं असेल."

"असेल," लॉरेल म्हणे.

एकदा तिने त्याला आत न्यायला पाहिलं, तर तो रडवेला झाला. पोरं वाट बघतील म्हणाला. त्या शिव्या आहेत हे त्याला कधी कळू नये, एवढंच तिचं मागणं होतं. ते ऐकणारा मी एकटाच होतो.

एक दिवस जोडीच फाटकाशी गाडी थांबवून उतरली. "लॉरेल, बाहेर ये. माझ्या पोरीला पोहायला कुठे शिकवू, बादलीत?"

क्लेमने हात वर केला. "जोडी ना तू? ये, पुढच्या सीटवर बस. मागे बसलीस की तुला उलटी होते."

जोडी जागच्या जागी थबकली. "मिस्टर पेडर..."

"आईला सांग, मी वळणं सावकाश घेतो."

लॉरेल दारात आली. "तुला काय ते सभेत बोल, जोडी. मी तिथून पळून जात नाही. इथे हा बसलेला असतो. त्याला वाटतं, तुम्ही सगळे त्याची ख्यालीखुशाली विचारताय."

जोडी माझ्यावर न बसताच परत गेली. कागद निघाला आणि हॉर्न थांबले. मला वाटलं, सुटलो. पण लोकांना आमच्याकडे बघायचीच लाज वाटू लागली. ते धान्याच्या कोठारामागच्या रस्त्याने जाऊ लागले, पूर्वी दोन छोटे हॉर्न देणारेसुद्धा. गाऱ्हाणं घेऊनही कुणी येईना. क्लेम गुडघ्यावर हात ठेवून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसे.

"आज सुट्टी आहे का गं?"

"हो, सुट्टी आहे," लॉरेल म्हणे. रोज तेच.

हिवाळ्यात क्लेम गेला. लोकांनी दुखवट्याच्या घरी द्यायच्या जेवणाची गरम भांडी झाकून आणली, माझ्यावर ठेवली आणि दार न वाजवताच निघून गेले. माणसांची ऊब माहीत असलेल्या मला ती भांड्यांची ऊब सोसवली नाही.

मित्रांनो, निवडून दिलेल्या माणसाशी जरूर भांडा. सभेत भांडा, माझ्यावर बसून भांडा, मला त्यासाठीच तर घडवलंय. पण त्याच्या घरावर राग काढू नका, तिथे आणखीही कुणी राहत असतं. आणि चूक झालीच, तर लाजेने वाट बदलू नका. आमच्या दारावरून जा आणि दोन छोटे हॉर्न द्या. लॉरेल हात वर करील की नाही, मला ठाऊक नाही. पण क्लेमची जागा मोकळी सोडून ती रोज रस्त्याकडे तोंड करून बसते.