चाचप्यांचे पाय

"येत्या गुरुवारी तुमचे पाय धुवायचेत," नर्सबाई म्हणाल्या.

चाचप्यांनी आधी बाईंच्या हातांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे कोण उभं आहे ते पाहिलं. "माझेच का?"

उपासना नुकतीच संपली होती आणि माणसं चर्चच्या दारात बोलत घुटमळत होती. जोड्या लावायचं काम बाईंकडे होतं; त्यांनी समजावून सांगितलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी या मंडळीत जोड्या समोरासमोर बसतात. एकाने दुसऱ्याचे पाय धुवायचे, मग दुसऱ्याने पहिल्याचे, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. चाचप्यांनी विचारलं, माझ्या जोडीला कोण? बाईंनी खांबापाशी उभ्या असलेल्या टकल्या माणसाकडे बोट केलं. तो पॉलिशवाला होता. चाचपे एक पाऊल मागे सरले.

चाचपे हे त्यांचं आडनाव नव्हे. घड्याळांच्या कारखान्याच्या फाटकावर झडती घेण्यात त्यांची उभी हयात गेली होती आणि तिथल्या कामगारांनीच त्यांचं हे बारसं केलं होतं. घड्याळाचा सुटा भाग म्हणजे नखाएवढी वस्तू. ती कॉलरमध्ये मावते, केसांत मावते, बुटात तर हमखास मावते. "बूट," एवढंच चाचपे म्हणायचे. माणसाने बूट काढून पुढे धरायचा, चाचपे आत हात घालायचे, मग बूट जमिनीवर टाकून म्हणायचे, "जा." पॉलिश खात्यातला हा माणूस न सांगताच बूट काढून उभा राहायचा. कधी कुरकुर नाही, कधी मान वर करणं नाही. कुरकुर न करणाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी, हा चाचप्यांचा नियम होता. त्याच्याकडे कधीच काही सापडलं नाही, तेव्हा हा भलताच पोचलेला आहे अशी त्यांची खात्री झाली.

असला संशयी प्राणी चर्चमध्ये शिरला कसा, तर बायकोमुळे. ती याच मंडळीतली. दर रविवारी, सणावारीही, चाचपे तिला चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत रस्त्यावर उभे राहायचे. आत बोलावलं की म्हणायचे, मी आपला बाहेरच बरा. या हिवाळ्यात ती गेली. मंडळीतल्या बायका घरी आल्या, भांडी घासून गेल्या, केर काढून गेल्या. त्या गेल्यावर चाचप्यांनी सगळं घर तपासलं. काहीच गेलं नव्हतं. मग या आल्या तरी कशाला, या विचाराने त्यांना झोप लागेना.

बायकोने चर्चच्या बाकावर बसायला एक छोटी उशी शिवली होती. ती आता कुणीतरी लांबवली असणार असं मनात आलं, आणि राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चाचपे चोर पकडायला म्हणून पहिल्यांदा आत गेले. उशी जागच्या जागी होती. तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. राखण करावी म्हणून ते तिथे बसले. पुढे रांगेत कसे उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. पाळकसाहेबांनी कपाळावर राख लावली आणि हळूच म्हणाले, तू माती आहेस. चाचप्यांनी जन्मभर लोकांना दरडावून विचारलं होतं, कोण रे तू? त्यांना मात्र काहीही न विचारता ते कोण आहेत हे कुणीतरी सांगितलं होतं. बाकावर परत येऊन ते रडले. रडून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच त्यांना संशय आला.

तेव्हापासून ते दर रविवारी येऊ लागले. उपवासकाळ संपेपर्यंत यायचं, या लोकांना आपल्याकडून काय हवंय ते शोधून काढायचं आणि मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. उपासनेत कुणी शांती असो म्हणत मिठी मारली की ते नंतर खिसे चाचपून बघत. खरं सांगायचं तर त्या बाकाशिवाय त्यांना आता जायला जागा उरली नव्हती. तिथे आपलं हसं झालं तर तीही जागा जाईल, ही त्यांची खरी भीती होती. आणि आता पॉलिशवाला. चारचौघांत सूड उगवायला याहून चांगली संधी त्याला कुठे मिळणार होती?

"मग नका ना जाऊ, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली.

"नाही गेलो तर म्हणतील, घाबरला."

"कोण म्हणेल?"

चाचप्यांनी फोन ठेवून दिला.

गुरुवारी त्यांनी घरी पाय दोनदा घासले, नखं कापली, नवे मोजे घातले. धुवायला न्यायचे पाय आधी धुवून नेतोय, हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचंच हसू आलं.

पुढे खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येक जोडीला एक घमेलं, एक तांब्या, एक टॉवेल. पॉलिशवाला गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला. आता पाणी उकळतं असेल किंवा बर्फासारखं, असं चाचप्यांनी धरून ठेवलं होतं. पाणी कोमट होतं. पॉलिशवाल्याने बोटांच्या बेचक्यांतून सावकाश हात फिरवला, टाच धुतली, टॉवेलने टिपली. चाचपे डोळ्यांची पापणी न लववता त्याचे हात बघत होते.

"साहेब, तुमचे पाय मी आज पहिल्यांदा बघितले," तो म्हणाला.

आता टोमणा येणार, चाचप्यांना वाटलं. पण तो उठला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

चाचपे खाली बसले. पॉलिशवाल्याने बूट काढला, आणि पाय पुढे करण्याऐवजी बूटच पुढे धरला. चाचप्यांनी तो घेतला आणि आत हात घातला. बोटं पार चवड्यापर्यंत गेल्यावर आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. शेजारच्या जोडीने मान वळवली. नर्सबाईंनी टॉवेल तोंडाशी नेला. चाचप्यांचे कान तापले. हात काढावा की ठेवावा हेही त्यांना सुचेना.

"राहू दे, साहेब," पॉलिशवाला हळूच म्हणाला. "माझीही सवय जात नाही."

"तुझ्या जोडीला माझं नाव तूच दिलंस ना?" चाचप्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मी नाही. बाईंनी."

"कुठल्या बाईंनी?"

"तुमच्या. दरवर्षी द्यायच्या, माझ्या जोडीला. यंदाचंही आधीच देऊन गेल्या होत्या. तुम्ही बाहेर उभे असायचात. खुर्ची मांडलेली असायची, पण रिकामी."

"मग तुझे पाय?"

"तसेच राहायचे."

चाचप्यांनी बुटातून हात काढला. बूट खाली टाकला नाही. दुसराही स्वतःच काढला आणि दोन्ही जोडीने खुर्चीखाली नीट लावून ठेवले. मग मोजे उतरवून त्यांनी एक पाय हातात घेतला. टाचेला भेगा होत्या आणि अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं. इतकी वर्षं हे पाय फाटकावरच्या गार फरशीवर उभे असायचे, आणि चाचप्यांनी बघितले होते फक्त बूट. त्यांनी भेगांवर थेंब थेंब पाणी सोडलं. बाकीच्या जोड्या उठून बाकांवर गेल्या, पाळकसाहेब थांबून राहिले, तरी त्यांचं धुणं चाललंच होतं.

शेवटी त्यांनी पाय कोरडे केले, मोजे-बूट चढवले आणि नाड्या बांधून दिल्या. पॉलिशवाला सवयीने तसाच थांबला, 'जा' ऐकायची वाट बघत.

"बसा जरा," चाचपे म्हणाले, आणि समोरची आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.