अंजनाबाईची चुंबळ, नाव अ‍ॅटलस

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी नाक मुरडाल. दहा वेळा धुतलं तरी माझा मासळीचा वास काही जात नाही. मी चुंबळ. ओझं टाळूला टोचू नये म्हणून डोक्यावर कापडाचं गोल कडं ठेवतात ना, तीच मी. वर मासळीची पाटी, खाली अंजनाबाईचं डोकं आणि मधे मी, अशी माझी तीस वर्षं गेली. आणि माझं नाव आहे अ‍ॅटलस. हसू नका, चुंबळीलाही नाव असू शकतं.

माहुलच्या कोळीवाड्यात माझा जन्म झाला. अंजनाबाईचं हिरवं लुगडं होडीच्या खिळ्याला अडकून टरकन फाटलं. ते टाकून देईल ती अंजनाबाई कसली? तिने त्याच्या पट्ट्या काढल्या, पिळून गोल गुंडाळल्या आणि जाळं विणायच्या दोऱ्याने शिवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू.

रोज सकाळी माहुलहून टेम्पोने घाटकोपरला यायचं आणि पंतनगरच्या इमारती पालथ्या घालायच्या. पाटीत कधी बोंबील, कधी मांदेली, कधी खाडीतल्या चिंबोऱ्या. तिथल्या जुन्या इमारतींना लिफ्ट कुठली? अंजनाबाई दोन्ही हात मोकळे सोडून जिने चढायची, पण पाटी तसूभर हलायची नाही. बाकीच्या कोळणी मला उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय चुंबळ केलीस गो, उशीच जशी." असं कौतुक ऐकलं की मी आतल्या आत फुगायचे.

आता नावाची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी अंजनाबाईची नात विनिता फिजिओथेरपी शिकायला लागली. पोरगी मोठ्याने पाठ करणारी. मी खुंटीवर आणि ती खाली हाडांचा जप करतेय. एकदा म्हणाली, "आजी, मानेतला सगळ्यात वरचा मणका म्हणजे अ‍ॅटलस. डोकं त्याच्यावर टेकलेलं असतं. बाकीच्या मणक्यांसारखा भरीव नाही तो, गोल कडं आहे. तुझ्या चुंबळीसारखा."

"आणि त्याला असलं नाव कोणी दिलं?" अंजनाबाईने कोलंबी सोलता सोलता विचारलं.

"ग्रीक लोकांच्या पुराणात एक राक्षस होता, अ‍ॅटलस. देवांशी लढला आणि हरला. मग देवांनी त्याला शिक्षा दिली, जन्मभर आभाळ खांद्यावर धरून उभा राहा."

अंजनाबाईचा हात थांबला. "आभाळ? चुंबळ न घेता?"

विनिता हसून हसून लोळली. मग तिने मला खुंटीवरून काढलं, स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि सांगितलं, "आजपासून ही तुझी अ‍ॅटलस." असं माझं बारसं झालं.

तेव्हापासून मला नुसता चाळा लागला. हे नाव आणखी कोणाकोणाचं आहे? मला वाचता येत नाही, पण कान तिखट आहेत. विनिताच्या मोबाइलमधून कळलं, की आफ्रिकेत या नावाचे डोंगर आहेत आणि शनीच्या एका चिमुकल्या चंद्राचंही हेच नाव आहे. एक भलामोठा पतंगही आहे म्हणे, तळहातापेक्षा मोठा. त्याला पंख एवढे थोरले, पण खायला तोंड नाही. बिचारा काय करत असेल? आमच्याबरोबर पंतनगरात आलेल्या विनिताने एकदा एका जुन्या सायकलीच्या दांडीवर हेच नाव वाचून दाखवलं, तेव्हा मला वाटलं, ही माझी चुलत बहीण. तीही ओझंच वाहते की.

पंतनगरात दुसऱ्या मजल्यावर रत्नप्रभाताई राहतात. मूळच्या मालवणकडच्या, अंजनाबाईच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. "काय हाडलंस आज?" म्हणजे काय आणलंस, असं विचारतच दार उघडायच्या. एकदा त्यांच्या घरात टेबलावर नकाशांचं जाडजूड पुस्तक पडलं होतं. त्याचंही नाव अ‍ॅटलस, असं ताईच म्हणाल्या. सगळी पृथ्वी आत घेऊन बसलेलं, पण स्वतः जागचं हलत नाही. मी रोज चार इमारती चढते, हे त्याला सांगावंसं वाटलं. पण सगळ्यात जास्त उत्सुकता मला त्या मानेतल्या मणक्याची होती. कसा दिसत असेल तो? त्याला माझ्यासारखा घाम येत असेल का?

पुढचं सांगताना लाज वाटते, पण सांगते. आमच्या कोळणींची एक पक्की समजूत आहे. मान दुखली की दोष चुंबळीचा. चुंबळ दबली म्हणून दुखतं, तेव्हा आणखी एक पदर गुंडाळा. अंजनाबाईची मान दुखायला लागली तेव्हा तिनेही तेच केलं. कोणाला सांगितलं नाही, डॉक्टरकडे गेली नाही. जुनी साडी फाडून एक पट्टी माझ्यावर गुंडाळली आणि टाके घातले. काही महिन्यांनी आणखी एक. मग आणखी एक. आणि मी मूर्ख, मला वाटायचं माझे लाड चाललेत. मी जाडजूड झाले, गुबगुबीत झाले. विनिता अभ्यासासाठी आजीच्या मानेला हात लावायला गेली की अंजनाबाई झटकन बाजूला व्हायची. म्हणायची, "गुदगुल्या होतात गो." मलाही ते खरंच वाटायचं.

गेल्या श्रावणाआधीची गोष्ट. रत्नप्रभाताईंच्या जिन्यात अंजनाबाईच्या उजव्या हाताला एकदम मुंग्या आल्या. तिने भिंत धरायला हात पुढे केला, पण बोटांनी पकडलंच नाही. तोल सावरायला तिने मान ताठ केली, पण मी इतकी उंच आणि मऊ झाले होते, की पाटी माझ्यावरून सरकली. सगळे बोंबील पायऱ्यांवर. अंजनाबाई तिथेच बसली. रत्नप्रभाताई धावत खाली आल्या, तिला धरून घरात नेलं आणि विनिताला फोन केला.

दवाखान्यात विनिताने मला हातातच धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. म्हणाल्या, "हा वरचा अ‍ॅटलस बरा आहे. पण त्याच्या खालचे मणके झिजलेत आणि हाताची शीर दबलीय. डोक्यावर ओझं आजपासून बंद, नाहीतर हा हात कायमचा जाईल."

माझ्या नावाचा नातेवाईक मला असा भेटला. माझ्यापासून वीतभर खाली, तीस वर्षं. मी वरून दाबत होते आणि तो खालून सोसत होता. मला त्याची माफी मागायची होती, पण मला बोलता येत नाही.

घरी आल्यावर विनिताने विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"कालपासून. मना काय झालं नाय. उद्या जाते मी पंतनगरला. पाटी डोक्यावर नाय, तर मना कोळीण कोण बोलंल?"

विनिताने कात्री घेतली आणि माझा वरचा टाका कापला. पहिली पट्टी सुटली, पिवळी, फुलांची. तिने ती आजीच्या मांडीवर ठेवली. "ही कधी गुंडाळलीस?"

अंजनाबाई हळूच म्हणाली, "होळीला."

दुसरी पट्टी निळी. "दिवाळीला."

तिसरी विनिताच्याच शाळेच्या ओढणीची. "तू बारावीला होतीस."

एकेक पट्टी सुटत गेली. अकरा निघाल्या. अकराव्या पट्टीला अंजनाबाई म्हणाली, "तेव्हा तुझा आजा होता," आणि तिने पदर तोंडाला लावला. "दुखायला लागून सहा वर्षं झाली गो. मी दुखतंय म्हटलं असतं तर घर कोणी चालवलं असतं?" विनिता तिच्या गळ्यात पडून रडली. "मी रोज इथे बसून मानच शिकत होते, आजी." खाली उरलं ते माझं मूळचं हिरवं कडं, चपटं आणि एवढंसं.

श्रावण संपल्यावर अंजनाबाई पुन्हा पंतनगरला गेली. पाटी चाकांच्या गाडीवर. मला पिशवीत घालून नेलं होतं, उगीच, सोबतीला. ती जिन्याखाली बसली आणि तिने खालूनच हाक मारली. बराच वेळ कोणी आलं नाही. तिचा चेहरा उतरला. मग जिन्यात सपाता वाजल्या. रत्नप्रभाताई पातेलं घेऊन खाली आल्या आणि शेजारी पायरीवर बसल्या. "आता वर येणार नाहीस तू?"

"नाय," अंजनाबाई म्हणाली. "माझी मान दुखते."

आयुष्यात पहिल्यांदा ती हे आपणहून बोलली. रत्नप्रभाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वरच्या मजल्यांकडे बघून बाकीच्या बायकांना हाका मारायला सुरुवात केली.

मित्रांनो, मला आता काम नाही आणि त्याचं दुःखही नाही. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घराचं ओझं ज्याच्या डोक्यावर आहे, त्याची चुंबळ एकदा हातात घेऊन बघा. जाड लागली, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कधीपासून दुखतंय.