अर्धी गोळी

सव्वादोन वर्षं मानोय इस्तोंग माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि सव्वादोन वर्षं त्यांनीच मला जगवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या बेटावर असं चालतं.

भांडण निवडणुकीचं. माझा भाऊ गावच्या कप्तानपदाला उभा राहिला आणि पडला. शेजारचे इस्तोंग, ज्यांना सगळे मानोय म्हणजे दादा म्हणतात, ते निवडून आलेल्या कप्तानाचे सख्खे काका. कप्तान बदलला की आरोग्यसेविकाही बदलते, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. एकोणीस वर्षं मी घरोघरी रक्तदाब मोजला. एका सकाळी माझी पिशवी आणि दाबाचा पट्टा कप्तानाच्या सुनेकडे गेला. तेही एक वेळ ठीक. पण दाबाच्या फुकट गोळ्यांच्या यादीतून माझं नावही उडवलं. माझा दाब काय मत देऊन चढला होता?

आठच दिवसांनी कुंपणावर एक बशी आली. दोन उकडलेली केळी, बाजूला खारवलेल्या माशांचं गिनामोस, आणि कडेला सुरीने कापलेली दाबाची अर्धी गोळी. हाक नाही, साधं खाकरणंही नाही. शेजाऱ्याची बशी रिकामी परत करायची नसते, म्हणून मी तिच्यात रताळं ठेवलं. मग ते रोजचंच झालं.

यंदा प्रांताच्या विद्यापीठातून रोडोरा आली. गावचा कारभार एका हातातून दुसऱ्या हातात गेला की रुग्णांच्या तब्येतीचं काय होतं, हे तिचं संशोधन. पोरगी चुणचुणीत, पण होडीतून उतरताना दोनदा पाण्यात पडली. घरं दाखवायला तिने मलाच बरोबर घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने इस्तोंगांच्या दंडाला पट्टा बांधला आणि तिचा चेहरा उतरला.

"एकशे नव्वद! मानोय, गोळी रोज घेता ना?"

"रोज."

"पूर्ण?"

"मग काय चाखून थुंकतो?"

बाहेर आल्यावर मला थोरल्या ताईची हाक मारून ती म्हणाली, "मानांग तेरिया, यादीतल्या निम्म्या लोकांचा दाब असाच आहे. वरचे म्हणतील, हे लोक गोळ्या खातच नाहीत, बंद करा. आणि या म्हाताऱ्याला तर कधीही झटका येईल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलावं, तर सरकारी औषध दुसऱ्याला दिलं म्हणून इस्तोंगांचं नाव कटणार आणि माझी अर्धी गोळीही जाणार. न बोलावं, तर माझ्या पोटात जाणाऱ्या त्या अर्ध्या गोळीपायी माणूस जाणार. दुपारभर जाळं विणत बसले, एक गाठ धड पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशी आली. मी गोळी गिळली नाही. रोडोराला घेऊन थेट इस्तोंगांच्या ओसरीवर गेले आणि ती त्यांच्यासमोर ठेवली.

"इंदाय, पोरी, ही यांची उरलेली अर्धी. सव्वादोन वर्षं मी खातेय."

इस्तोंग लालबुंद झाले. "तोंड बंद ठेवता येत नाही का तुला?"

इतक्या दिवसांतलं हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"नाही येत. तुम्ही मेलात तर मी भांडू कुणाशी?"

ते रोडोराकडे वळले, जणू मी तिथे नव्हतेच. "गोळी माझी आहे, कुणाला द्यायची ते मी ठरवीन. माझी नात नीदा तापाने फणफणली होती, तेव्हा या बाईने वादळात होडी वल्हवत तिला पलीकडच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा हिने विचारलं होतं का, मत कुणाला दिलंत म्हणून?"

मला रडू आलं. लपवलं नाही.

"नाव कुठेच येणार नाही," रोडोरा म्हणाली. "तसं मी विद्यापीठाला सही करून दिलंय." मग ती मला घेऊन पुन्हा सगळी घरं फिरली. या वेळी तिने प्रश्न वेगळा विचारला: गोळी कापता का? सत्तावीस घरांनी हो म्हटलं. कुणी बहिणीसाठी कापत होतं, कुणी विहिणीसाठी, कुणी ज्याचं तोंड पाहवत नाही अशा शेजाऱ्यासाठी.

महिन्याभराने गावच्या सभागृहात आरोग्य मंडळाची बैठक भरली. कप्तान गरजला, "सरकारी गोळ्या वाटणारे कोण? नावं द्या!"

"नावं माझ्याकडे नाहीत. दाबाचे आकडे आहेत," रोडोरा म्हणाली. तिने सगळे वाचले. "हे लोक गोळ्या टाकून देत नाहीत. इथे एका गोळीवर दोन माणसं जगतायत, दोघंही अर्धवट."

मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी कागद मागून घेतला आणि आकडे पुन्हा तपासले. मग ठरलं: यापुढे यादी पट्टा ठरवेल, कप्तान नाही. कप्तान आडवा आला नाही. त्याची सासूही कुणाची तरी अर्धी गोळी खात होती, हे सुनेने तेवढ्यात त्याच्या कानात सांगितलं होतं. रोडोराचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

माझ्या गोळ्या आल्या त्या दिवशी मी इस्तोंगांच्या दारात गेले. "मानोय, मी आहे ती तुमच्यामुळे. देव तुमचं भलं करो."

ते समुद्राकडे बघत म्हणाले, "फार लाडात येऊ नकोस. पुढच्या निवडणुकीत मत तुझ्या भावाला देणार नाही."

"नका देऊ," मी म्हणाले. "पण मत द्यायला जिवंत राहा. घ्या, पूर्ण गोळी, माझ्यासमोर."

त्यांनी हात पुढे केला. मी पेल्यात पाणी ओतलं.