चारचौघांतला घास

"सूप बरं आहे, पण मीठ विसरलेत," असे म्हणून मेहुण्याने वाडगा खाली ठेवला आणि रुमालाने मिशा टिपल्या.

लेक त्याच्याकडे पाहतच राहिली. "मामा, सूप नव्हतं ते! पहिल्या चहाने कप आणि जेवायच्या काड्या विसळायच्या आणि ते पाणी त्या वाडग्यात ओतायचं, अशी पद्धत असते इथली."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगतच होते. तुम्ही बोलत होतात."

"माझ्यापण काड्या त्यातच विसळल्यात," त्याची बहीण, लेकीची आई, म्हणाली. "बहिणीची माया समज आणि गप्प बस."

यावर टेबलावरच्या चौथ्या माणसाने हसायला हवे होते. पण तो भिंतीला पाठ लावून, गळ्याभोवतीचा सुती रुमाल पुन्हा पुन्हा सारखा करत बसला होता. मेहुण्याचा तो दाजी, लेकीचा बाप. फळबाजारात मात्र सगळे त्याला भोंगा म्हणत. उमेदीची सारी वर्षे त्याने तिथे लिलाव पुकारला. रिकाम्या पेट्यांवर उभा राहून तो भाव चढवू लागला की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालासुद्धा आज संत्री चढी आहेत की पडली, ते बसल्या जागी कळे. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढले आणि श्वासासाठी गळ्याच्या खळग्यात एक भोक ठेवले. जीव वाचला. गळ्याशी धरून बोलायचे एक यंत्र मिळाले होते, पण त्यातून निघणारा खरखरीत आवाज आपला आहे हे त्याला काही केल्या पटेना. तो नुसते ओठ हलवी आणि बायको ते वाचून घेई.

आवाज गेल्याचे त्याने सोसले. जेवण गेल्याचे त्याला सोसवले नाही. अन्ननलिका अरुंद झाली होती. घास फार वेळ चावावा लागे, तरी अडके, आणि कधी कधी उलटून नाकावाटे बाहेर येई. एकदा शेजारचे जोडपे घरी जेवायला असताना तसे झाले. शेजाऱ्याने सभ्यपणे मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. ते सभ्य पाहणे भोंग्याच्या जिव्हारी लागले. त्या दिवसापासून तो आतल्या खोलीत दार लावून एकटा जेवू लागला, आणि बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या. वर्ष होत आले तरी त्या घरात कुणी कुणासमोर जेवले नव्हते.

परवा लेकीला बंदरावरची क्रेन चालवण्याचा परवाना मिळाला. जेवण तिच्याकडून, म्हणून जागाही तिनेच निवडली होती: बंदरावरची माणसे सुटीच्या दिवशी सहकुटुंब येतात ते हे चिनी, कँटोनीज डिमसमचे हॉटेल. बापाला ती एवढेच म्हणाली होती, "बाबा, तिथं सगळं वाफवलेलं, मऊ असतं, आणि घासही लहान. आमच्याबरोबर बसून एक तरी खा." त्याने ओठ हलवले होते: येतो, बसतो फक्त. आणि निघण्यापूर्वी आतल्या खोलीत जाऊन त्याने मिक्सरमधून काढलेले जेवण उरकून घेतले होते.

"दाजींसाठी मी पातळ पेज सांगतो," मेहुणा म्हणाला. तो मोटार चालवायला शिकवण्याचा वर्ग चालवी. शेजारच्या माणसाच्या वतीने ब्रेक दाबण्याची सवय त्याच्या पायांत मुरली होती, आणि पायांतून ती हळूहळू सगळ्या स्वभावात पसरली होती. "पेज कशी, सरळ उतरते. जोखीमच नको."

"बाबांना विचारा ना, मामा."

"अगं, ते काय सांगणार?"

त्याच्या मनात वावगे काही नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी इस्पितळाच्या बाकावर झोपणारा हाच माणूस होता. पण वाक्य टेबलावर पडले ते पडलेच. बायकोने चहा ओतायला घेतला. भोंग्याने कपाशेजारी दोन बोटे हलकेच आपटली. चहा ओतणाऱ्याचे आभार इथे असे मानतात, हे लेकीने घरीच शिकवून ठेवले होते. निदान इतके तरी इथे सगळेच जण बोटांनी बोलत होते.

दालन मोठे होते आणि गलक्याने भरून गेले होते. मुले टेबलांखालून पळत होती, झाकणे आदळत होती, कुणी कुणाचे ऐकत नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या एका आजीबाई कोंबडीचा पाय मन लावून चोखत होत्या. त्यांनी तोंडातले हाड ओठांवर आणले, सगळ्यांदेखत बशीत टाकले आणि पुढचा पाय उचलला. त्यांच्या नातवंडांनी मान वळवली नाही की खिडकीबाहेर पाहिले नाही. भोंगा त्या बशीकडे बराच वेळ पाहत राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराकडून एक हाक आली आणि त्याची पाठ ताठ झाली.

बांबूच्या टोपल्यांची उतरंड रचलेली ढकलगाडी घेऊन एक मध्यमवयीन बाई टेबलांमधून येत होती आणि गाडीत काय काय आहे ते पुकारत होती. शब्द एकही कळत नव्हता. पण शेवटचे अक्षर वर उचलणे, मधेच आवाज पाडून पुन्हा चढवणे, एक माल संपत आला की तेवढ्याच नावावर जोर देणे, हे सगळे त्याला कळत होते. गलक्यावर आवाज चढवायचा नसतो, त्याच्या खालून न्यायचा असतो. ही बाई तसाच नेत होती. गेल्या वर्षभरात लिलावाच्या आठवणीने त्याचा फक्त जीव कासावीस होत असे. आज पहिल्यांदा त्याला दुसऱ्याचे काम नुसते आवडले.

"ओ बाई! इकडे!" मेहुण्याने हात हलवला. गाडी पलीकडच्या रांगेत वळली. "अहो ताई! हॅलो!" तो अर्धवट उभा राहिला, त्याने टाळ्या वाजवल्या, काडीने कप वाजवला. अशा दहा टेबलांवरून टाळ्या वाजत होत्या. "कमाल आहे! गिऱ्हाईक बोंबलतंय आणि यांना पत्ता नाही."

भोंग्याने बायकोच्या मनगटाला स्पर्श केला. थांबव त्याला, असे ओठांनी सांगितले. मग तो वाट पाहत राहिला. पुकारणारा माणूस पुकारताना कुणाकडेच बघत नाही, हे त्याच्याइतके या दालनात कुणाला ठाऊक असणार? तो बघतो श्वास घेताना. आवाज थांबतो, छाती भरते आणि नजर एकदा सगळ्या गर्दीवरून फिरून येते. बाजारातले मुरलेले व्यापारी नेमके तेव्हाच कानाची पाळी चोळत किंवा बोट उचलत, आणि भोंगा तो माल त्यांच्या नावावर करी. हजारो बोटे त्याने अशी टिपली होती. स्वतःचे बोट उचलण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती.

बाईंची पुकार चढली, उतरली, थांबली. भोंग्याने तर्जनी उचलली. फार नाही, टेबलावरून वीतभर.

बाईंची नजर सगळ्या हलणाऱ्या हातांवरून घसरत येऊन त्या न हलणाऱ्या बोटावर थबकली. गाडी वळली आणि सरळ त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

मेहुणा तोंड उघडे टाकून बघत होता. "आम्ही इथं घसा फाडून ओरडतोय, आणि दाजींनी नुसतं बोट..."

बोलता बोलताच तो काय बोलला ते त्याला उमगले. त्याचा चेहरा पडला. लेकीने डोळे मिटले. बायकोच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली.

भोंग्याचे खांदे हलू लागले. आधी थोडे, मग जोरात. तो हसत होता. त्या हसण्याला आवाज नव्हता. गळ्यावरचा रुमाल तेवढा भराभर फडफडत होता. त्याने मेहुण्याकडे बोट दाखवले, आपल्या गळ्याकडे दाखवले आणि ओठ हलवले.

"काय म्हणतायत?" मेहुण्याने घाबरत विचारले.

"म्हणतायत," बायकोचेही ओठ थरथरू लागले होते, "फाड, फाड. फाडायला निदान तुझ्याकडे तरी आहे."

मग चौघेही हसले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मेहुणा तर इतका हसला की आजीबाईंनी हातातला कोंबडीचा पाय थांबवून त्याच्याकडे पाहिले. भोंग्याने तोवर एका टोपलीकडे बोट केले. गाडीवाल्या बाईंनी ती टेबलावर ठेवून झाकण काढले. आत पातळ, आरपार दिसणाऱ्या पारीत गुंडाळलेली कोळंबी होती. चुण्या इतक्या सारख्या, की कुणी शिवणयंत्रावर घातल्या असाव्यात.

त्याने काड्या बाजूला ठेवल्या, चमच्याने एक नग उचलला आणि आपल्या बशीत घेतला.



"फुंकर घाला हं दाजी, चटका बसेल," मेहुणा हळूच म्हणाला, आणि त्याने पुन्हा जीभ चावली. भोंग्याचा श्वास आता तोंडावाटे येत नव्हता. फुंकर घालणे त्याला शक्यच नव्हते. बायकोने सवयीने चमचा पुढे केला, पारी फोडून वाफ घालवण्यासाठी. त्याने बशी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. फोडायचा नव्हता त्याला. इतर तिघे खाणार होते तसा, अख्खा, चुण्यांसकट हवा होता. तो थांबला. बाकीचेही थांबले. वाफ विरळ होत गेली.

मग त्याने तो घास तोंडात घातला.

नाकाला हवाच लागत नसल्याने वासही त्याला येत नसे. जिभेवर चव उतरायला वेळ लागे. पारी निसरडी होती. कोळंबी दाताखाली करकन तुटली. वर्षभरात त्याच्या तोंडात काही तुटले नव्हते. सगळे आधीच मिक्सरमधून तुटून येई. तो चावत राहिला, बराच वेळ. मग गिळला.

घास अडकला.

बायकोला ते त्याच्या मानेवरून कळले. तिचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला, मेहुण्याचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला गेला. भोंग्याने तळहात वर करून दोघांनाही थांबवले. उठून कोपऱ्यात जाण्याचा, रुमालात तोंड लपवण्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असे नाही. दार दिसतच होते. पण त्याने इस्पितळात गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे मान डावीकडे वळवली, हनुवटी खांद्याशी नेली आणि पुन्हा एकदा सगळा जोर लावून गिळले. मान त्या बाजूला वळली तेव्हा त्याची दृष्टी थेट शेजारच्या आजीबाईंवर गेली. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या, पण घाबरून नव्हे, सभ्यपणेही नव्हे. हा माणूस काय खातो आहे आणि ते आपण मागवायचे राहिले की काय, अशा चौकस नजरेने.

घास खाली उतरला.

त्याने चहाचा घोट घेतला. ओठ पुसले. आणि टोपलीतला दुसरा नग उचलला.

"अगं बाई!" एवढेच बायको म्हणाली.

त्यानंतरचा वेळ भोंग्याचा होता. तांदळाच्या पिठाची रेशमासारखी गुंडाळी आली, कंदाच्या मऊ वड्या आल्या, वाफवलेले गुबगुबीत पाव आले. प्रत्येक वेळी त्याने बाईंच्या श्वासाची वाट पाहिली आणि प्रत्येक वेळी त्याचे बोट लागू पडले. पुढे पुढे तर त्या दारातून बाहेर येताच आधी याच टेबलाकडे बघू लागल्या. एकदा घास नाकाशी आला. त्याने रुमाल लावला, नाक पुसले आणि पुढे खाऊ लागला. लेक तेव्हा क्रेनच्या केबिनमधून जहाजे कशी दिसतात ते सांगत होती. ती क्षणभर थांबली आणि पुन्हा सांगू लागली. भोंग्याने ओठ हलवून विचारले, एवढ्या उंचावरून खालच्या माणसाचं तुला ऐकू कसं येतं?

"येतच नाही, बाबा," लेक म्हणाली. आज पहिल्यांदा तिने आईची वाट न पाहता ते ओठ वाचले होते. "खालचा माणूस हाताने खुणा करतो. मी त्याचा हात बघत राहते."

शेवटी मेहुण्याने पट्टा एक घर सैल केला. "चला, मस्त झालं. निघू या का? मला एकाला गाडी उलटी घ्यायला शिकवायचीय."

दालन रिकामे होत आले होते. आजीबाई नातवंडांना घेऊन केव्हाच गेल्या होत्या. भोंग्याच्या बशीत अजून एक वडी आणि अर्धा पाव होता, आणि तो त्याच्या गतीने चावत होता.

"आपण पुढे होऊन गाडी काढू या का, ताई? दाजी येतील सावकाश."

बायकोने पिशवी पुन्हा खुर्चीच्या पाठीला अडकवली.

"बस खाली," ती म्हणाली. "ते जेवतायत."

मेहुणा बसला. वाढपी पलीकडच्या टेबलांवरचे कापड काढून घडी घालत होते, खुर्च्या एकमेकींवर चढवत होते. त्यांच्यातला एक जण या टेबलापर्यंत आला, त्याने भोंग्याकडे पाहिले आणि तो शेजारचे टेबल पुसायला लागला. बायकोने टेबलाच्या मधली फिरती तबकडी वळवून उरलेली टोपली स्वतःकडे घेतली, खुर्ची नवऱ्याच्या जवळ ओढली, आणि त्याच्याबरोबर खाऊ लागली.